जॉर्डन्सचे क्वेकर सभागृह कायद्याआधीच कसे उभे राहिले?

जुनी_वीट :
इंग्लंडमधील बकिंगहॅमशायर परगण्यात जॉर्डन्स येथे असलेले, क्वेकर या प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथाचे सभागृह १६८८ साली बांधले गेले. प्रस्थापित चर्चबाहेरील प्रॉटेस्टंट पंथांना उघडपणे उपासना करू देणारा टॉलरेशन ॲक्ट मात्र १६८९ चा आहे. ज्या पंथाची माणसे उपासनेपायी तुरुंगात जात होती, त्याने कायदा होण्याआधीच विटांची पक्की वास्तू कशी बांधली? शिवाय अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया वसाहतीचा संस्थापक, क्वेकर विल्यम पेन तेथेच पुरलेला असूनही त्याच्या कबरीची नेमकी जागा सांगता येत नाही, हे कसे?

दफ्तरदार :
इंग्लंडचा राजा दुसरा जेम्स याने १६८७ साली काढलेला धार्मिक सवलतीचा जाहीरनामा हे पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे. राजा स्वतः कॅथलिक असल्याने त्याला स्वधर्मीयांना मोकळीक द्यायची होती आणि तिचा लाभ क्वेकरांनाही मिळाला. प्रस्थापित चर्चबाहेरील उपासनासभांना बंदी करणारा १६७० चा कायदा रद्द झाला नव्हता, केवळ त्याची अंमलबजावणी थांबली होती. त्या कायद्यानुसार घरच्यांखेरीज पाच माणसे अशा उपासनेला जमली, तर प्रत्येकाला पहिल्या खेपेस ५ शिलिंग आणि प्रवचन करणाऱ्यास २० पौंड दंड होता. दंडाचा तिसरा हिस्सा खबऱ्याला मिळे, त्यामुळे चहाड्यांना ऊत आला होता. जॉर्डन्सचे क्वेकर तोवर जवळच्या शेतघरात जमत. दफनभूमी मात्र त्यांनी १६७१ मध्येच विकत घेतली होती. म्हणजे मृतांची सोय जिवंतांच्या आधी सतरा वर्षे झाली!

शांतपीठ :
वरील माहितीला एक पुस्ती जोडतो. जाहीरनाम्याची वाट सर्वांनीच पाहिली नव्हती. इंग्लंडमधीलच हर्टफर्डचे क्वेकर सभागृह तर १६७० चे, म्हणजे तो कडक कायदा झाला त्याच वर्षीचे आहे आणि आजही वापरात आहे; ब्रिगफ्लॅट्सचे १६७५ चे. तेव्हा धाडसाचा मान जॉर्डन्सपेक्षा हर्टफर्डला द्यावा, असे मला वाटते. १६८९ च्या कायद्यानेही पूर्ण मोकळीक दिली नाही : सभास्थानाची नोंदणी सक्तीची होती आणि उपासना चालू असताना दाराला कडी-कुलूप लावण्यास मनाई होती, कारण बंद दाराआड कट शिजेल ही भीती सरकारला होतीच.

दफ्तरदार :
कबरीविषयी लिहायचे राहिले. नाव कोरलेला दगड म्हणजे मिरवणे, असे जुने क्वेकर मानत. साध्या, एकसारख्या दगडांना त्यांच्या वार्षिक सभेने १८५० मध्ये परवानगी दिली. पेन १७१८ मध्ये वारला, तर आज दिसणारे दगड एकोणिसाव्या शतकातले आहेत; म्हणून नेमकी जागा सांगता येत नाही. १८८१ मध्ये पेनसिल्व्हेनियातून त्याचे अवशेष नेण्याची मागणी आली, ती विश्वस्तांनी नाकारली.

जुनी_वीट :
दोघांचेही आभार. २००५ च्या आगीत ही वास्तू सापडली होती ना?

शांतपीठ :
होय, त्या वर्षी मार्चमध्ये. छताची मोठी हानी झाली, पण विटांच्या मूळ भिंती टिकल्या. दुरुस्तीनंतर तेथील मौन उपासना पुन्हा सुरू झाली.