मदत हवी आहे: उद्या रात्री सेल संपतोय, दोन-तीन इंडी गेम सुचवा

कर्वेनगरी (रात्री ९.४०)
स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानाचा सेल उद्या रात्री साडेदहाला संपतोय. चांगले इंडी, म्हणजे छोट्या स्वतंत्र टीमचे, गेम सुचवा. दोन-तीनच हवेत, पण खात्रीचे. यूट्यूबवरच्या याद्या बघून डोकं भणभणलंय, जो तो तेच पन्नास गेम उलटेसुलटे करून सांगतो. मोठ्या कंपन्यांचे शंभर-शंभर जीबीचे धूड नकोत. बजेट सगळं मिळून हजार, फार तर बाराशे. पाऊस धो धो कोसळतोय, शनिवार-रविवार घरातच जाणार आहेत. तेव्हा जरा घाई करा मंडळी.

डबल_जंप (९.४६)
हॉलो नाइट. दुसरं काही बघूच नका. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या टीम चेरीने २०१७ मध्ये आणला, इनमीन तीन-चार डोक्यांचं काम. किड्यांचं बुडालेलं राज्य, सगळी चित्रं हाताने काढलेली. आवडला की पुढचा सिल्कसाँग आहेच. तो २०१९ मध्ये जाहीर झाला आणि ४ सप्टेंबर २०२५ ला आला. त्या दिवशी एवढी झुंबड उडाली की स्टीमचं दुकानच आडवं झालं.

हिंजवडी_फेज३ (९.५२)
कशावर खेळणार? पीसी, लॅपटॉप, स्टीम डेक? ग्राफिक्स कार्ड कोणतं? याआधी काय खेळलाय? कापडाच्या दुकानात जाऊन नुसतं "कापड द्या" म्हटल्यासारखं झालंय हे.

कर्वेनगरी (९.५५)
लॅपटॉप. रॅम ८ जीबी. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. मी कॉलेजात काउंटर स्ट्राइक खेळायचो, नंतर फिफा. पण त्याने काय फरक पडतो? इंडी गेम हलकेच असतात ना?

हिंजवडी_फेज३ (९.५८)
सगळे नसतात. इंडी म्हणजे मोठ्या प्रकाशकाच्या पैशाशिवाय केलेला. हलका असेलच असं नाही. बरोबर मॉडेल सांगा.

पाटी_वाचक (१०.०४)
पुण्यात राहून परदेशी गेम काय विचारताय? राजी घ्या. नॉडिंग हेड्स गेम्स या आपल्या पुण्याच्याच स्टुडिओने २०२० मध्ये आणला. लहान भावाला असुरांनी पळवलंय आणि राजी नावाची मुलगी त्याला शोधायला निघते. गोष्ट सांगतात दुर्गा आणि विष्णू, आणि सांगता सांगता एकमेकांना टोमणेही मारतात. वाडे, हवेल्या, कोरीव खांब बघून डोळे निवतात. २०१७ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर पैसे मागितले तेव्हा लक्ष्य गाठता आलं नव्हतं, तरी पोरांनी गेम पूर्ण केला. हे विकत घ्यायचं नाही तर काय घ्यायचं?

डबल_जंप (१०.०७)
दिसायला सुंदर आहे, मान्य. पण मारामारी तीच तीच होते. हॉलो नाइटमधल्या एका खिळ्याच्या (तिथली तलवारच ती) वारात जी मजा आहे ती इथे नाही. पुण्याचा आहे म्हणून गुण वाढवून द्यायचे का?

पाटी_वाचक (१०.०९)
वाढवून नका देऊ, निदान कापू तरी नका. ॲडलेडच्या किड्यांना डोक्यावर घेऊन नाचता, तिथे बरं प्रेम उतू जातं.

हिंजवडी_फेज३ (१०.१०)
राजी अनरिअल इंजिन या सॉफ्टवेअरवर बनवलेला थ्रीडी गेम आहे. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर रडत चालेल. प्रेमाचा प्रश्न नंतर.

निवृत्त_अभियंता (१०.१५)
लॅपटॉपवर गेम खेळूच नयेत, तापतात. माझ्या नातवाला आम्ही पीसी असेंबल करून दिला. कॅबिनेट घेताना पंख्यांची दिशा बघून घ्या, पुढून हवा आत आणि मागून बाहेर. पॉवर सप्लायमध्ये काटकसर करू नका. सगळं सामान तपकीर गल्लीत मिळतं. मात्र गाडी घेऊन जाऊ नका, बुधवार पेठेत पार्किंग मिळेपर्यंत दुकानं बंद होतात.

पाटी_वाचक (१०.१८)
काका, आता मेट्रो आहे की. मंडईला उतरा आणि चालत जा.

निवृत्त_अभियंता (१०.२२)
उतरतो, पण सरकत्या जिन्यांवर जिने, वर येईपर्यंत दम लागतो. किती खोल खणलंय!

मृदगंध (१०.२४)
मेट्रोचं नाव निघालंच आहे तर मिनी मेट्रो सुचवते. न्यूझीलंडच्या लोकांनी केलाय, २०१५ चा. पांढऱ्या नकाशावर गोल, त्रिकोण, चौकोन अशी स्टेशनं उगवत राहतात आणि आपण रंगीत रेघा ओढून ती जोडायची. एखाद्या स्टेशनवर फार वेळ गर्दी तुंबली की खेळ खलास. मुंबईचा नकाशा आहे त्यात. पुण्याचा नाही, आणि ते ठीकच आहे.

कर्वेनगरी (१०.२९)
अहो, पार्किंग आणि सरकते जिने कुठून आले? मला नवीन पीसी घ्यायचा नाहीये. दोघांनी बसून खेळता येईल असं सांगा ना काहीतरी.

हिंजवडी_फेज३ (१०.३०)
दोघांनी???

डबल_जंप (१०.३०)
हे आत्ता सांगताय?

कर्वेनगरी (१०.३३)
वीकेंडला घरी बसून म्हटल्यावर आणखी काय असणार? मी आणि बायको. तिने आजवर कँडी क्रश सोडून काही खेळलेलं नाही. एकाच लॅपटॉपवर.

बटरफ्लाय_इफेक्ट (१०.३७)
मग इट टेक्स टू! डोळे झाकून घ्या. घटस्फोटाच्या वाटेवरच्या नवरा-बायकोच्या बाहुल्या होतात आणि दोघांना मिळूनच सगळं निस्तरावं लागतं. एकट्याने खेळताच येत नाही. २०२१ च्या गेम अवॉर्ड्समध्ये वर्षाचा सर्वोत्कृष्ट गेम ठरला होता.

हिंजवडी_फेज३ (१०.४०)
तो ईए या बड्या कंपनीने प्रकाशित केलाय. धागाकर्त्याने इंडी विचारलंय.

बटरफ्लाय_इफेक्ट (१०.४३)
स्टुडिओ स्वतंत्र आहे ना? गेम अवॉर्ड्सवाल्यांनी २०२३ मध्ये डेव्ह द डायव्हरला इंडीचं नामांकन दिलं होतं. तो बनवणारा मिंटरॉकेट म्हणजे तेव्हा नेक्सॉनचाच विभाग, आणि नेक्सॉन ही केवढी अवाढव्य कंपनी. ते चालतं, मग हे का नाही?

हिंजवडी_फेज३ (१०.४५)
ते चालत नाहीच. तेव्हाही लोकांनी त्यावरून बोंब मारली होती. एकाने चुकीच्या बाजूने गाडी घातली म्हणून सगळ्यांनी घालायची का?

पाटी_वाचक (१०.४६)
पुण्यात तोच नियम आहे.

कर्वेनगरी (१०.५२)
इट टेक्स टूचा व्हिडिओ तिला दाखवला. मिनिटभरात म्हणाली, बंद कर, गरगरतंय. कॅमेरा गोल फिरला की तिला त्रास होतो, वरंधा घाटात होतो तसा. असं काही न फिरणारं आहे का? आणि मारामारी कमी असली तर बरं. ती डिटेक्टिव्ह मालिका भरपूर बघते.

मृदगंध (१०.५८)
डिटेक्टिव्ह म्हणालात तर रिटर्न ऑफ द ओब्रा दिन! लुकास पोपचा, २०१८. रिकामं जहाज परत आलंय, ६० माणसांपैकी प्रत्येकाचं काय झालं ते आपण विम्याच्या तपासनीसाच्या नजरेतून शोधायचं. तिघांचं बरोबर जुळलं की मगच गेम "बरोबर" म्हणतो, त्यामुळे ठोकताळ्याने फार पुढे जाता येत नाही. एकाने माउस धरायचा, दुसऱ्याने वहीत नोंदी करायच्या.

हिंजवडी_फेज३ (११.०१)
अप्रतिम गेम, पण सगळा पात्राच्याच डोळ्यांतून बघायचा, आणि काळ्यापांढऱ्या ठिपक्यांत. त्या बाईंना पहिल्या पाच मिनिटांत उलटी होईल. त्याऐवजी द केस ऑफ द गोल्डन आयडॉल, २०२२ चा. कॅमेरा फिरत नाही, चित्र जागच्या जागी असतं. समोर एक खून झालेला आहे, खिसे-कागद-दारं टिचकी मारून तपासायची, सापडलेले शब्द गोळा करायचे आणि "अमक्याने तमक्याला अमुक कारणाने मारलं" अशा वाक्यांतल्या रिकाम्या जागा भरायच्या. दोन माणसं एका पडद्यासमोर बसून वाद घालायला याहून चांगलं काही नाही. माझ्याकडे आई आणि मी खेळलो. तिने वारसाहक्काचं प्रकरण माझ्याआधी सोडवलं, नात्यांची गुंतागुंत तिला पटकन कळते.

डबल_जंप (११.०४)
हॉलो नाइटमध्येही कॅमेरा फिरत नाही, सांगून ठेवतो.

निवृत्त_अभियंता (११.०८)
दोघांनी मिळून खेळायचं तर पत्ते काय वाईट? वीज गेली तरी चालतात.

हिंजवडी_फेज३ (११.१०)
कर्वेनगरी, लॅपटॉपचं मॉडेल अजून आलेलं नाही.

कर्वेनगरी (११.१४)
एम१ मॅकबुक एअर आहे, बायकोचा. माझ्या लॅपटॉपवर ऑफिसवाले काहीच इन्स्टॉल करू देत नाहीत.

हिंजवडी_फेज३ (११.१५)
मॅक!! दीड तास झाला हो.

बटरफ्लाय_इफेक्ट (११.१७)
मॅकवर तो नाहीच, मग इट टेक्स टूचा वाद तसाही निकालात निघाला.

शेणखत (११.३१)
सगळं वाचून काढलं. आता नीट सांगतो.

मॅकवर घ्यायचा असेल तर स्टीमच्या पानावर किमतीच्या शेजारी सफरचंदाचं चिन्ह आहे का ते बघा. नसेल तर पैसे टाकू नका. आणि चिन्ह असलं तरी फार जुना गेम असेल तर खालच्या सिस्टिमच्या ओळीही वाचा. २०१९ च्या कॅटलिना आवृत्तीपासून मॅकने ३२ बिटचे (जुन्या घडणीचे) प्रोग्रॅम बंद केलेत, आणि काही जुन्या गेमांचं चिन्ह उगाच लटकत राहिलंय. गोल्डन आयडॉल मॅकवर आहे. तो घ्याच.

दुसरा माझ्याकडून: स्टार्ड्यू व्हॅली. २०१६ चा. एरिक बॅरोन नावाच्या एकाच माणसाने चित्रं, संगीत, प्रोग्रॅमिंग सगळं केलं. आजोबांची पडीक शेती मिळते, दगड-झाडं साफ करून पेरायचं. वरून बघायचं असल्यामुळे गरगरायचं कारण नाही. खाणीत उतरलात तर थोडी मारामारी आहे, पण नाही उतरलं तरी दिवस जातात. १.५ आवृत्तीपासून एकाच पडद्यावर दोघांना खेळता येतं, पडदा दुभागतो. एक जण कीबोर्डवर, दुसऱ्याला मात्र कंट्रोलर लागतो.

नवीन शेत काढताना को-ऑप (मिळून खेळायच्या) मेनूमधून काढा आणि सुरुवातीलाच एक केबिन मागून घ्या, नाहीतर दुसऱ्या खेळाडूला राहायला घर नाही म्हणून तो येऊच शकत नाही, आणि गावातल्या सुतारीण रॉबिनकडून बांधून घेईपर्यंत एकाला बसून बघावं लागतं. पैशाचं पाकीट एकत्र की वेगळं हेही ठरवता येतं. वेगळं ठेवा. आमच्याकडे एकत्र होतं आणि मी पार्सनिप नावाच्या भाजीच्या बियांसाठी जपून ठेवलेले पैसे सकाळी उठून बघतो तर मॅडमनी भिंतीचा कागद आणलेला. पीक चार दिवसांत येतं हो, वॉलपेपर काय उगवणार आहे!

आणखी एक: दोघं असताना मेनू उघडला तरी घड्याळ थांबत नाही. रात्री दोनला जिथे असाल तिथे बेशुद्ध पडता, म्हणून कोणाला तरी "चल घरी" म्हणायचं काम द्या. ऋतू २८ दिवसांचा. २५ तारखेला पेरलेलं वाया जातं, कारण ऋतू बदलला की उभं पीक मरतं. खऱ्या शेतकऱ्याला हे सांगितलं तर तो हसेल, कारण इथे पाऊस पडला की फक्त पाणी घालायचं वाचतं.

मृदगंध (११.३६)
+१. आणि संगीत! कोथरूड डेपोच्या सिग्नलला अडकले की तेच लावते.

कर्वेनगरी (११.४०)
वा, हे झालं काम. कंट्रोलर मात्र नाही. बजेटमध्ये बसवायचा तर गेम एकच येईल. भाच्याचा पीएस४चा (प्लेस्टेशनचा) पडलाय घरात, पण तो मॅकला कसा चालेल?

शेणखत (११.४४)
अहो, तोच चालतो! शेअर आणि पीएस ही दोन्ही बटणं एकदम दाबून धरा. पुढचा दिवा भराभर लुकलुकायला लागला की मॅकच्या ब्लूटूथमध्ये नाव दिसेल, जोडून टाका. बॅटरी मेली असेल तर आधी चार्ज करा. तपकीर गल्लीत जायची गरज नाही.

निवृत्त_अभियंता (११.४७)
जायला हरकत नाही, चार्जिंगची वायर चांगली मिळते तिथे.

हिंजवडी_फेज३ (११.५०)
दोन्ही घ्या आणि नाही जमलं तर परत करा. घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि खेळ २ तासांपेक्षा कमी झालेला असेल तर स्टीम पैसे परत देतं. सेलमध्ये घेतलेल्यालाही तोच नियम. पहिल्या संध्याकाळी घड्याळावर लक्ष ठेवा.

डबल_जंप (११.५२)
पुढच्या सेलला हॉलो नाइट. मॅकवर आहे. विशलिस्टला टाकून ठेवा, किंमत उतरली की मेल येतो.

कर्वेनगरी (रविवार, दुपारी ४.१५)
दोन्ही घेतले. कंट्रोलर जोडला गेला. आयडॉलची पहिली दोन प्रकरणं झाली, तिसऱ्यात खुनी कोण यावर एकमत नाही. शेतीत ती पुढे आहे, माझं पाकीट रिकामं. आता अडचण अशी की मासा काही केल्या गळाला लागत नाही. हिरवी पट्टी वर जाते तेव्हा मासा खाली आणि उलट. ती माझ्याकडे कंट्रोलर फेकते, मलाही जमत नाही. काही युक्ती? लवकर सांगा, जेवायच्या आत पकडायचाय.

शेणखत (४.३२)
गेममधल्या मासेवाल्या विलीच्या दुकानात ट्रेनिंग रॉड मिळतो, २५ नाणी. हिरवी पट्टी मोठी होते. साधेच मासे लागतात, पण हात बसेपर्यंत तेच हवेत. बटण दाबून धरू नका, टिचक्या मारत राहा. आणि पाकीट रिकामं आहे म्हणताय तर २५ नाणी तिच्याकडून मागून घ्या.

डबल_जंप (४.३५)
स्टार्ड्यूची मासेमारी हा त्या गेमचा सगळ्यात वाईट भाग आहे.

शेणखत (४.३६)
नवीन धागा काढा, तिथे भांडू.