रुग्णवाहिकेवर काम, कंबरेत उसण आणि आता पायाला मुंग्या. कामावर कधी जावं?

जुनेनाशिककर

नऊ वर्षं झाली रुग्णवाहिकेवर ईएमटी आहे, म्हणजे गाडीत पेशंटला तातडीचे उपचार देणारा. आधी सिन्नर, आता नाशिक शहर. वय ३६.

अठरा दिवसांपूर्वी पहाटे पावणेपाचला भद्रकालीतल्या एका वाड्यातून कॉल आला. दुसरा मजला, दम लागलेले आजोबा, वजन नव्वदच्या आसपास. ज्यांनी जुने वाडे पाहिलेत त्यांना तिथला जिना माहीत असेल. लाकडी, अरुंद, मधेच काटकोनात वळणारा, धरायला एका बाजूने दोर. स्ट्रेचर तिथे वळत नाही. आडवं केलं की आजोबांचा दम वाढत होता, म्हणून चादरीची झोळीही जमेना. मग नेहमीचाच उपाय केला, घरातली प्लास्टिकची खुर्ची. पाठ मी धरली, पुढचे पाय त्यांच्या पुतण्याने. ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन पायलट, म्हणजे आमचा ड्रायव्हर, खाली उतरला होता.

वळणावर पुतण्याची पायरी चुकली. खुर्ची एकदम पुढे गेली आणि सगळं वजन माझ्या दोन हातांवर आलं, तेही मी वाकलेला आणि अर्धवट वळलेला असताना. खुर्ची सोडली नाही. कंबरेत काहीतरी गरम सांडल्यासारखं वाटलं. तसंच खाली आणलं, गाडीत घेतलं, सिव्हिलला पोहोचवलं. आजोबा वाचले, चार दिवसांनी घरी गेले. हे मुद्दाम सांगतो, कारण त्या क्षणी हात सोडला नाही याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

तीन तासांनी बूट काढायला वाकलो तो सरळच होता येईना. आता डाव्या कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत कळ जाते, अंगठ्याजवळ मुंग्या येतात. एमआरआयमध्ये कंबरेच्या मणक्यांमधली एल-४ एल-५ ची गादी सरकलेली निघाली. डॉक्टरांनी सहा आठवडे वजन उचलू नको सांगितलंय. घरी भारतीय पद्धतीचा संडास आहे, तिथे बसणं-उठणं म्हणजे रोजची परीक्षा.

मी ज्यांच्याकडे काम करतो तिथले साहेब म्हणतात, दहा दिवसांत ये, नाहीतर बदली माणूस घेतो. आणि हेही म्हणाले, "घरी पाण्याचा हंडा उचलताना झालं असं लिहून दे, उगाच कागद वाढतात." अजून लिहून दिलेलं नाही.

माझे प्रश्न: बेल्ट बांधून जाता येईल का? या दुखण्यातून उठून पुन्हा स्ट्रेचर उचलणारं कोणी आहे का? उचलता येणार नसेल तर या कामात माझी जागा कुठे? रात्री झोप याच विचाराने उडते, दुखण्याने कमी.

---

घाटातला पायलट

भाऊ, आहे. मी आहे. २०१५ च्या सिंहस्थानंतर माझी कंबर गेली होती, तीच गादी, तोच पाय. साडेतीन महिने लागले. त्यानंतर आजपर्यंत कसारा घाट ते घोटी पट्ट्यात गाडीवर आहे, दरीतूनही पेशंट काढलेत.

पण पूर्वीसारखं उचलत नाही. माझी चूक कुठे व्हायची ते सांगतो. रात्रपाळीत गाडीतच डुलकी घ्यायची, कॉल आला की उडी मारून उतरायचं आणि पहिलंच काम वाकून उचलायचं. झोपेतून उठल्यावर गादी फुगलेली आणि ताठ असते, तेव्हा वाकणं सगळ्यात वाईट. तुझी वेळही पहाटेची आहे बघ. आता मी उतरलो की हात कंबरेवर ठेवून चार-पाच वेळा मागे झुकतो, चार पावलं चालतो. अर्धं मिनिटही लागत नाही.

दुसरं, नातेवाईक. ते मदत करतात पण प्रत्येकजण वेगळ्या क्षणाला उचलतो. कोणी "तीन"ला उचलतो, कोणी "तीन" म्हणून झाल्यावर. मी आधीच बजावतो: मी 'उचला' म्हणेन तेव्हाच, त्याआधी कोणी हलायचं नाही. आणि जिन्यावर खालच्या माणसावर जास्त भार येतो, तो घसरला तर वरचाही जातो. म्हणून खाली दोन माणसं, आणि त्यांच्या मागे पायऱ्या मोजून सांगणारा तिसरा. माणसं नसतील तर खालच्या दुकानातून, रिक्षा स्टँडवरून हाक मारून आणायची. नाशिकची माणसं येतात, मला कोणी नाही म्हटलेलं आठवत नाही.

---

फिजिओ ताई, गंगापूर रोड

दादा, आधी सर्वात महत्त्वाचं. लघवी अडकली किंवा कळेनाशी झाली, शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, दोन्ही पायांत कळ जाऊ लागली किंवा पाऊल उचलता येईना झालं, तर उद्याची वाट पाहायची नाही. त्याच तासाला हॉस्पिटल. तुम्ही इतरांना हेच सांगत असाल, पण स्वतःच्या बाबतीत आपण सगळे थांबतो.

हे काही नसेल तर धीर धरा. सरकलेल्या गादीचं दुखणं बहुतेकांचं सहा ते बारा आठवड्यांत ऑपरेशनशिवाय खूप कमी होतं. अंथरुणाला खिळून राहू नका. दहा-दहा मिनिटं दिवसातून चार-पाच वेळा सपाट रस्त्यावर चाला. कळ पोटरीतून वर सरकत कंबरेत येऊन थांबली तर ती सुधारणेची खूण, कंबर थोडी जास्त दुखली तरी. उलट कळ खाली पावलाकडे जायला लागली तर तो व्यायाम थांबवा. कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांत उशी. संडासासाठी खुर्चीला बसवलेलं कमोड भाड्याने मिळतं, आजच आणा. त्यात कमीपणा काही नाही.

बेल्टने थोडा आधार वाटतो, पण तो बांधून उचलल्याने दुखापत टळते असा पुरावा नाही. बेल्ट बांधून दहाव्या दिवशी स्ट्रेचर धरू नका, हात जोडून सांगते. आणि हाडवैद्याकडून कंबर मोडून घेऊ नका.

---

सातपूरची सिस्टर

ते हंड्याचं कृपा करून लिहून देऊ नका! पगाराच्या पावतीवर ईएसआयचे (कामगार विमा योजनेचे) ०.७५ टक्के कापले जातात का बघा. जात असतील तर कामावरच्या दुखापतीत रजेच्या काळात सरासरी वेतनाच्या ९० टक्के मिळतात, साध्या आजारपणात ७० टक्के, तेही वर्षाला ९१ दिवसच. त्या एका ओळीने तुमच्या घरात येणारा पैसा बदलतो. अपघाताची माहिती लेखी द्या, पोच घ्या. पहिल्या दिवशीच्या केसपेपरवर काय लिहिलंय?

---

जुनेनाशिककर

सिस्टर, केसपेपरवर फक्त "कंबरदुखी" आहे. मीच कॅज्युअल्टीत "उसण भरली" एवढंच बोललो होतो. दुसऱ्यांच्या केसमध्ये कसं झालं, किती वाजता, सगळं विचारतो आणि स्वतःचं सांगायला विसरलो. पण त्या कॉलची ट्रिपशीट (गाडीच्या फेरीची नोंद) आहे, वेळ आहे, पायलटची सही आहे. पायलट साक्षीला तयार आहे. ०.७५ टक्के कापले जातात, पावत्या काढल्या.

काल अर्ज दिला, खरं तेच लिहून. साहेब बराच वेळ वाचत होते. शेवटी शिक्का मारून पोच दिली. बदली माणसाचं काही बोलले नाहीत. मी म्हटलं, सहा आठवडे फोनवर कॉल घ्यायला बसवा, गल्ल्या मला पाठ आहेत, भद्रकालीत गाडी कुठपर्यंत जाते हे नवीन पोरांना सांगू शकेन. विचार करतो म्हणाले.

ताई, कमोड आणलं. चार दिवसांपासून गोल्फ क्लब मैदानावर चालतोय, आज दोन फेऱ्या झाल्या आणि कळ गुडघ्याच्या वरच थांबली. अंगठ्याच्या मुंग्या मात्र तशाच आहेत. त्यासाठी पुन्हा दाखवायला हवं ना?

---

फिजिओ ताई, गंगापूर रोड

हो, दाखवा. आणि जाण्याआधी टाचांवर दहा पावलं चालून बघा, डावा पंजा उजव्याइतका वर राहतो का ते डॉक्टरांना सांगा.