शब्दचर्चा : पाइपवाल्याची 'चव बदलते' म्हणजे नेमकं काय बदलतं?

पाइपच्या तंबाखूवर मराठीत थोडं लिहितोय, कुठकुठले ब्लेंड (म्हणजे मिश्रणं) असतात आणि ओढणाऱ्याची आवड वर्षं जातील तशी कशी सरकत जाते असा विषय आहे, आणि पहिल्याच वाक्याला गाडी अडलीये. 'गेल्या काही वर्षांत माझी चव बदलली' असं लिहिलं, मग परत वाचलं तर वाटलं की कोणीतरी मला चाखून बघितलंय आणि मी आता वेगळा लागतो. चव वस्तूला असते ना, माणसाला कशी असेल? 'अभिरुची' लिहिलं की एकदम परिसंवादाला बसल्यासारखं होतं. 'आवड' चालेल, पण जो डबा दोन वर्षांपूर्वी नाकाजवळ धरवत नव्हता तोच आता संपत आला की जिवाची घालमेल होते, हे नुसतं आवड बदलणं आहे का? माझा प्रवास तसा बऱ्याच जणांसारखाच, आधी व्हॅनिलाचा वास मारलेलं अरोमॅटिक, मग लटाकियावालं इंग्लिश ब्लेंड आणि आता साधं व्हर्जिनिया फ्लेक, म्हणजे पानं दाबून कापलेल्या चकत्या. शब्द सुचवा. शिवाय टंग बाइट, रूम नोट, केसिंग, डॉटल, घोस्टिंग यांना मराठीत काही आहे का की तसेच ठेवू?

प्रतिसाद :

अहो, शब्द अडलाय कारण तुम्ही वेगवेगळ्या गोष्टी एकाच गाठोड्यात बांधताय. तुमच्या तीन टप्प्यांना मराठीत तीन वेगळी क्रियापदं आहेत असं माझं मत.

अरोमॅटिकला तुम्ही विटलात. त्या तंबाखूत डबा उघडला की जो घमघमाट येतो तो बराचसा वरून शिंपलेल्या अर्काचा असतो आणि पेटवल्यावर त्यातलं थोडंच तोंडापर्यंत पोचतं, म्हणजे गंमत अशी की ओढणाऱ्यापेक्षा शेजारी बसलेल्याला जास्त मजा येते. काही महिन्यांनी माणूस म्हणतो रोज तेच गोड गोड, आणि खाली चिकट ओलावा उरतो तो वेगळाच. हे विटणं, यात चव बिव काही बदललेली नाही.

लटाकियाला तुम्ही सरावलात. ते पान सुगंधी लाकूडफाट्याच्या आणि झुडपांच्या धुरावर धरून वाळवतात, धुरी दिलेलं पान म्हणा सरळ. पहिल्यांदा सगळ्यांना विझलेल्या शेकोटीसारखं किंवा जुन्या चामड्यासारखंच लागतं. मग नाक सरावतं, आणि इतकं सरावतं की रोज तेच ओढणाऱ्याला ते जाणवेनासंच होतं, मग तो म्हणतो आता लटाकिया कमी घालायला लागलेत हे लोक, आणि आणखी जास्त लटाकिया असलेला डबा शोधायला निघतो. चार दिवस दुसरं काही ओढून परत यावं की आहे तिथेच असतं.

आणि व्हर्जिनियाला काय झालं, तर तुमचा हात बसला. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि यावर कोणी बोलत नाही. व्हर्जिनिया पानात साखर भरपूर, भराभर ओढलं की धूर तापतो आणि जीभ सोलवटून निघते, म्हणून नवखा माणूस एकदा हात पोळून घेतो, जीभच म्हणा, आणि शिक्का मारून मोकळा होतो की हे तिखट आहे आणि त्याला वासही नाही. तोच माणूस पाचेक वर्षांनी सैल भरायला शिकतो, तंबाखू आधी जरा सुकू देतो, हळूहळू ओढतो, आणि तेच फ्लेक त्याला वाळल्या गवतासारखं, किंचित लिंबट, गोडसर लागायला लागतं. जीभ तीच, पानही तेच. बदलला तो हात, आणि श्रेय मात्र जिभेला.

प्रतिसाद :

हात बसणं आवडलं. पण चौथा शब्द राहिला की, मुरणं! व्हर्जिनियाचा बंद डबा वर्षानुवर्षं ठेवला की आतल्या आत मुरतो, रंग गडद होतो, टोकदारपणा जातो. लटाकिया उलट, जितकं जुनं तितका त्याचा धुरकटपणा ओसरत जातो, त्यामुळे ते मुरतं म्हणण्यापेक्षा निवतं म्हणावं. म्हणजे दहा वर्षांपूर्वीचा डबा आज उघडला तर बदललेलं काय, तुम्ही की तंबाखू? दोघंही, आणि वेगवेगळं काढून दाखवता येत नाही.

शिवाय कधीकधी खरंच वस्तू बदललेली असते. डनहिल नावाचं पाइपचं तंबाखू २०१८ च्या सुमारास बंद झालं आणि त्यातले बरेचसे ब्लेंड नंतर पीटरसन नावाने बाजारात आले, तेव्हापासून आधीसारखं आहे की नाही यावरून लोकांची जी जुंपलीये ती जुंपलीये. त्यात जुन्या डब्याशी तुलना करणारे मुरलेल्या तंबाखूची ताज्याशी तुलना करतात हे कोणाच्या लक्षातच येत नाही!

मूळ प्रश्नकर्ता :

वा, हे भारी आहे. म्हणजे विटलो, सरावलो, हात बसला. 'चव बदलली' उडवूनच टाकतो. बाकीच्या शब्दांचं बघा ना कोणीतरी. आणि नावांचाही घोळ आहे. मी पहिल्या मसुद्यात 'काव्हेंडिश नावाचं पान' असं लिहिलंय, ते बरोबर आहे ना?

प्रतिसाद :

नाही, काव्हेंडिश हे पान नव्हेच, ती कृती आहे. व्हर्जिनिया नाहीतर बर्ली जातीचं पान घ्यायचं, गोडवा द्यायचा, वाफ किंवा उष्णता आणि दाब देऊन मऊ काळपट करायचं, ते काव्हेंडिश. नाव सोळाव्या शतकातल्या थॉमस काव्हेंडिश या इंग्रज दर्यावर्द्यावरून आलं असं सांगतात.

नावांवर विसंबू नका एकूणच. व्हर्जिनिया जगभर पिकतं. लटाकिया सीरियातलं बंदराचं शहर, पण आज डब्यात असतं ते बहुतेक सायप्रसचं. बर्लीचा आजचा फिकट प्रकार १८६४ मधे अमेरिकेत ओहायोत सापडला, त्यात साखर नावालाच, पण पान सच्छिद्र असल्याने बाहेरचं काही पाजलं की शोषून घेतं म्हणून अरोमॅटिकवाल्यांचं लाडकं, आणि नुसतं ओढलं तर कोको आणि भाजक्या दाण्यांच्या अंगाने जाणारं. नावाला जागलेलं एकच, पेरिक. लुइझियानातल्या सेंट जेम्स पॅरिशमधे पिंपात दाबून वर्षभर आंबवतात. त्याची चिमूटच पडते ब्लेंडमधे, पण नाकातून धूर सोडला की मिरमिरतं. व्हर्जिनियात पेरिक घातलेलं ते 'व्हेपर', लटाकियावरून उतरलेले लोक बहुधा तिथेच मुक्कामाला येतात.

आणि 'इंग्लिश' आणि 'बाल्कन' यातला फरक विचारू नका, मारामारी होते. ढोबळ मानाने दोन्हीत लटाकिया, बाल्कनमधे तुर्की-ग्रीक कडची उन्हात वाळवलेली बारीक पानं जास्त वर असतात म्हणे, पण तो शब्द रूढ झाला मुख्यतः 'बाल्कन सोब्रानी' या एका ब्रँडमुळे. म्हणजे अमुक मिश्रण असा शब्दाला पक्का अर्थ कधी नव्हताच. सोब्रानीचा मूळ अर्थ सभा. म्हणून मारामारी.

प्रतिसाद (पहिलाच, परत आलोय) :

आता राहिलेले शब्द घेतो.

केसिंगला मराठीत तयार शब्द आहे आणि तो वापरला जात नाही याचं मला वाईट वाटतं. 'भावना देणे'. वैद्य चूर्णाला कसल्यातरी रसाची भावना देतात ना, भिजवायचं, वाळवायचं, पुन्हा भिजवायचं, तसंच पानाला साखर, ज्येष्ठमध, कोको यांचं पाणी आधी पाजतात आणि मग वाळवतात. पानात जिरतं ते. आणि अगदी शेवटी कापलेल्या तंबाखूवर जो वास मारतात, ज्याला टॉपिंग म्हणतात, ते शिंपण. एक आत मुरतं, दुसरं वर राहतं, आणि मी वर म्हटलं ते विटणं मुख्यतः शिंपणाचं असतं.

फ्लेक 'रब आउट' करतात त्याला दुसरं काही शोधूच नका, मळणे. चुना नाही एवढाच फरक, तळहात आणि अंगठा तेच.

रूम नोट म्हणजे दरवळ. ओढणाऱ्याला येते ती चव आणि खोलीला येतो तो दरवळ, दोन्ही कधीच सारखे नसतात, लटाकियाचा दरवळ घरच्यांना विचारा.

टंग बाइटला 'जिभेचा चावा' कृपया नको. दोन वेगळ्या गोष्टी आहेत त्यात. ओल्या तंबाखूची वाफ लागली तर जीभ पोळते, आणि धुरातल्या क्षारामुळे झोंबलं तर चरचरते. पोळली असेल तर तंबाखू सुकवा. चरचरली असेल तर ब्लेंड बदलून बघा. शब्द नीट वापरला तर औषधही नीट मिळतं असं.

डॉटलसाठी 'गुल' म्हणायचा मोह होतो, चिलमीत जळून उरलेलं ते गुल. पण पाइपच्या तळाशी उरणारं डॉटल अर्धवट जळलेलं आणि ओलं असतं, गुल कोरडं. मी तरी 'तळातलं ओलं' म्हणतो. घाणेरडं वाटतं, आणि असतंच ते घाणेरडं.

घोस्टिंग राहिलं. आधीच्या तंबाखूचा वास लाकडात इतका मुरतो की नंतर काहीही भरा, तोच डोकावतो. भूत वगैरे नको, मराठीत पाइप 'बाटला' म्हणा. लटाकियाने बाटतो, आणि इंग्लंडातल्या लेकलँडच्या फुलांच्या साबणासारख्या वासाच्या तंबाखूने तर असा बाटतो की शुद्धीकरण होत नाही. म्हणून लोक लटाकियाला एक पाइप वेगळा ठेवतात. तुमचं व्हर्जिनिया आता गोड लागतंय ते कदाचित पाइप नवीन घेतला म्हणूनही असेल, ते तपासा आधी!

प्रतिसाद :

एक भर. इंग्रजीत जुने लोक नवख्याला सांगतात पफ करू नकोस, सिप कर. आपल्याला हे भाषांतर करायचीच गरज नाही, चिलीम पितातच मराठीत, आणि धूम्रपान या शब्दात 'पान' म्हणजे पिणंच आहे की. नवखा फुंकतो, मुरलेला पितो. तेवढा एक सल्ला लेखात घाला.

बाकी छातीत घेत नाही म्हणजे काही होत नाही असं लिहू नका प्लीज, निकोटिन तोंडातून भिनतंच आणि जिभेचा, तोंडाचा कॅन्सर पाइपवाल्यांनाही होतो. हे शब्दचर्चेत बसत नाही, माहितीये.

मूळ प्रश्नकर्ता :

लिहितो ते, नक्की. भावना, शिंपण, दरवळ, बाटणे, सगळं उचललंय, आणि हो, व्हर्जिनियासाठी पाइप खरंच नवीन घेतला होता, आता जुन्यात ओढून बघतो. शेवटचा एक प्रश्न, वर सगळ्यांनी 'ते तंबाखू', 'तंबाखू बंद झालं' असं लिहिलंय, मी आयुष्यभर 'ती तंबाखू' म्हणत आलोय आणि माझे काका 'तो तंबाखू' म्हणतात. नेमकं लिंग कोणतं?

प्रतिसाद :

यासाठी नवीन धागा काढा, हा इथे संपणार नाही. मी 'तो'वाला.