सोलापूरहून हाय-स्पीड टेस्ट ड्रायव्हर व्हायचं तर सुरुवात कुठून?

होटगीरोडकर:
ऑटोमोबाईल डिप्लोमा झालाय, एलएमव्ही (हलक्या वाहनाच्या) लायसनला ३ वर्षं झाली. इंदूरजवळ पिथमपूरला नॅट्रॅक्सच्या (गाड्या तपासायचं केंद्र) ट्रॅकवर २०० च्या वर गाड्या पळवतात, ते काम करायचंय. कंपन्या थेट घेतात का? तोवर रात्री पुणे रोडला मोहोळपर्यंत हात साफ केला तर उपयोग होईल का?

चिंचोली_एमआयडीसी:
मोहोळचं आधी डोक्यातनं काढा ओ. धोकादायक ड्रायव्हिंगचं कलम १८४ लागलं तर लायसनच अडकेल, आणि या धंद्यात लायसन हेच भांडवल. शिवाय त्यातनं शिकायला काही मिळत नाही. टेस्टमध्ये १२० म्हणजे १२०च, फेरीमागून फेरी तोच आकडा, तीच लेन, त्याच खुणेला ब्रेक. सरावच करायचा तर रिकाम्या रस्त्यावर ६० चा काटा १० मिनिटं न हलवता धरून बघा. वाटतं तितकं सोपं नाही.

थेट हाय-स्पीडला फ्रेशर सहसा कुणी घेत नाही. सुरुवात होते ड्युरेबिलिटीला (गाडी किती टिकते ती टेस्ट), बहुतेक ठेकेदारामार्फत: खड्डे, दगडी फरशी, चिखल, चढ, शिफ्टमध्ये दिवसरात्र. तिथे लॉगशीट नीट भरणारा पुढे सरकतो. 'आवाज येतो' लिहून भागत नाही. 'डावं पुढचं चाक, ४० च्या आसपास, डावीकडे वळताना टकटक, ब्रेक दाबला की बंद' असं लिहावं लागतं. मग ट्रॅकचा अंतर्गत परवाना टप्प्याटप्प्याने वाढतो, हाय-स्पीड सगळ्यात शेवटी. आपल्याला जवळ म्हणजे चाकणच्या कंपन्या, पुण्याची एआरएआय आणि करमाळ्यावरून गेलं की नगरची व्हीआरडीई, या दोन्ही गाड्या तपासणाऱ्या संस्था.

बँकिंगवाला:
नॅट्रॅक्सचा हाय-स्पीड ट्रॅक ११.३ किमीचा आहे, २०२१ ला सुरू झाला. वळणावर रस्ता आत कललेला असतो आणि प्रत्येक उंचीला एक 'न्यूट्रल' वेग असतो. त्या वेगाला स्टिअरिंगला ओढ लागत नाही. १००० मीटर त्रिज्येच्या वळणाला २०० किमी वेगासाठी साधारण १७.५ अंश कल लागतो, २५० साठी २६. वर जाल तसा कल वाढतो, म्हणून जास्त वेग वरच्या लेनमध्ये. वरच्या लेनमध्ये हळू गेलात तर गाडी खाली घसरू बघते आणि स्टिअरिंग वर धरून ठेवावं लागतं. नवा माणूस इथेच हात आखडून बसतो.

याची दुसरी बाजू टायर. २६ अंशाच्या वळणावर न्यूट्रल वेगालाही टायरवरचा भार ११ टक्क्यांनी वाढतो. हवा कमी असेल तर टायरची बाजू वारंवार दुमडते, उष्णता साठते, ठरावीक वेगानंतर टायरवर लाट उभी राहते आणि ट्रेड (रस्त्याला टेकणारा रबरी थर) सुटतो. म्हणून हवा गार टायरमध्येच मोजायची, आणि टेस्ट प्लॅनमध्ये हाय-स्पीडसाठी दिलेला आकडाच भरायचा. सोलापूरच्या उन्हात उभ्या गाडीची हवा जास्त दिसते, ती बघून कमी करणं ही हमखास चूक. टायरवरचं वेगमर्यादेचं अक्षरही बघा: एच २१० पर्यंत, व्ही २४०, डब्ल्यू २७०, वाय ३००.

होटगीरोडकर:
आणि २०० ला टायर गेलाच तर?

बँकिंगवाला:
ब्रेकवर पाय ठोकायचा नाही. स्टिअरिंग सरळ, दोन्ही हात घट्ट, अॅक्सिलरेटर हळूहळू सोडायचा. वेग उतरला की खालच्या लेनमध्ये यायचं आणि रेडिओवर कंट्रोलला लेन आणि ठिकाण सांगायचं. बहुतेक वेळा आधी बारीक थरथर येते. ती आली की फेरी पूर्ण करायच्या भानगडीत पडू नका.

टॉर्क_रेंच:
निघण्याआधीचं कुणी बोललं नाही. व्हील नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला (पिळाच्या जोराला) आवळून रंगाची रेघ मारायची. रेघ तुटलेली दिसली की नट फिरलाय. पायाखालची मॅट काढून ठेवायची. पाण्याची बाटली गाडीत नकोच, ब्रेक मारला की ती पेडलखाली जाते.

ब्रेक टेस्टचंही वाचून ठेवा. कारच्या ब्रेकसाठीच्या यूएन आर१३-एच या आंतरराष्ट्रीय नियमात सुरुवातीला ब्रेकचं तापमान ६५ ते १०० अंशांत लागतं. १०० किमी वेगावरून, इंजिन चाकांपासून सोडवून, गाडी ७० मीटरच्या आत थांबली पाहिजे. पेडलवर जोर ५०० न्यूटनपर्यंतच, आणि गाडी साडेतीन मीटरच्या पट्ट्याबाहेर जाता कामा नये. तापमान न बघता लागोपाठ ब्रेक मारले तर पूर्ण रीडिंग बाद, दिवस वाया.

फेऱ्या संपल्या की एक फेरी सावकाश मारायची, टर्बो आणि डिस्क गार होतात. उभी करताना हँडब्रेक ओढू नका, तापलेल्या डिस्कवर पॅडचा थर बसतो आणि पुढच्या टेस्टला पेडल थरथरतं. गिअरमध्ये ठेवा, चाकाला ओट (ठोकळा) लावा.