दिवस न मोजणारा पक्ष: ट्रम्प यांचा गोंधळ आणि रिपब्लिकनांची साथ

कृष्णाकाठ

ट्रम्प काय बोलले, मध्यरात्री काय पोस्ट केलं, यावर मराठीतही रोज चर्वितचर्वण चालतं. ते बाजूला ठेवू. या धाग्यात प्रश्न एकच: हा गोंधळ चालू ठेवण्यात त्यांच्या पक्षाचा वाटा किती, आणि तो ओळखायचा कशावरून? माझं मत असं की भाषणं ऐकू नयेत. कामकाजाच्या नियमांवर जी किरकोळ वाटणारी मतदानं होतात, ती पाहावीत.

उत्तम नमुना ११ मार्च २०२५ चा. कॅनडा आणि मेक्सिकोवरचं आयातशुल्क ट्रम्प यांनी १ फेब्रुवारीला 'राष्ट्रीय आणीबाणी' पुकारून लावलं. १९७६ च्या कायद्यात अशी आणीबाणी संपवायची वाट आहे. ठराव आला की समितीने तो १५ दिवसांत सभागृहाकडे परत पाठवायचा आणि पुढच्या ३ दिवसांत मतदान घ्यायचं. ठराव समितीत कुजवता येत नाही, ही त्यातली खरी मेख. मग प्रतिनिधिगृहातल्या रिपब्लिकनांनी काय केलं? सरकारी खर्चाच्या विधेयकावर चर्चा कशी व्हावी हे ठरवणाऱ्या नियमात एक ओळ घुसवली: अधिवेशन संपेपर्यंतचा एकही दिवस या कामासाठी 'दिवस' धरायचा नाही. २१६ विरुद्ध २१४ मतांनी मंजूर. दिवसच उजाडत नसेल तर पंधरावा दिवस येणार कुठून! एप्रिलमध्ये जगभरच्या शुल्कांसाठी तशीच ओळ आली आणि सप्टेंबरमध्ये मुदत ३१ जानेवारी २०२६ पर्यंत ताणली गेली.

यातून सदस्यांना मिळालं काय, तर सुटका. शुल्काच्या बाजूने मत दिलं तर मतदारसंघातला शेतकरी आणि कारखानदार चिडतो, विरोधात दिलं तर ट्रम्प चिडतात. म्हणून मतदानच नको. ऑक्टोबरअखेर सिनेटने ब्राझील, कॅनडा आणि जागतिक शुल्क असे तीन ठराव सलग तीन दिवसांत मंजूर केले, काही रिपब्लिकन मतांसह. ते प्रतिनिधिगृहाच्या दारात अडकून पडले.

आपल्याला काय त्याचं, असं म्हणू नका. भारतावर ७ ऑगस्ट २०२५ ला २५ टक्के आणि २७ ऑगस्टला रशियन तेलापायी आणखी २५ टक्के शुल्क एका सहीने लागलं. अंधेरीच्या सीप्झमधल्या दागिने निर्यातदारांची मोठी गिऱ्हाइकी अमेरिकेत. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाचंही तेच, कायदा मात्र वेगळा. १९ सप्टेंबरला, शुक्रवारी, १ लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली आणि वाणिज्यमंत्री म्हणाले दरवर्षी. शनिवारी व्हाइट हाउस म्हणालं, नाही, एकदाच, आणि तेही फक्त नव्या अर्जांना. अंमल रविवारपासून. मधल्या काळात कंपन्या सुट्टीवर गेलेल्यांना 'मिळेल त्या विमानाने परत या' असं कळवून मोकळ्या झाल्या होत्या.

मुळशीकर

माहिती चांगली, निष्कर्ष एकतर्फी. 'साथ' म्हणजे काय हो? ट्रम्प यांनी २०२४ मध्ये ३१२ इलेक्टर (अध्यक्ष निवडणारे प्रतिनिधी) जिंकले, एकूण मतांतही ते पुढे होते. आयातशुल्क लावणार हे प्रचारात रोज सांगितलं होतं. पक्षाचा मतदार त्यांच्या मागे आहे, आणि त्या मतदाराने निवडून दिलेला सदस्यही. इतर कोणत्याही देशात आपण याला लोकशाही म्हणतो.

शिवाय विरोध होतच नाही हे चूक. मॅट गेट्झ यांना महान्यायवादी करायचं ठरलं होतं. सिनेटमधल्या रिपब्लिकनांकडे मतं नाहीत हे दिसताच २१ नोव्हेंबर २०२४ ला त्यांनी माघार घेतली. वॉशिंग्टनच्या सरकारी वकीलपदासाठीचे एड मार्टिन हे रिपब्लिकन सिनेटर टिलिस यांच्या एका नकारावर अडले. आणि २०२५ च्या ४३ दिवसांच्या शटडाउनमध्ये, म्हणजे सरकारी कामकाज बंद असताना, ट्रम्प फिलिबस्टर (सिनेटमध्ये विधेयकाला ६० मतं लागायला लावणारी प्रथा) मोडा म्हणून रोज ओरडत असताना सिनेटमधले नेते थून यांनी ते मोडलं नाही. फिलिबस्टर गेला असता तर ६० ऐवजी ५१ मतांत काहीही मंजूर झालं असतं. गाजावाजा न करता नाही म्हणणं, ही त्या पक्षाची रीत आहे.

कृष्णाकाठ

फिलिबस्टरचा मुद्दा मान्य, तो मोठा आहे. गेट्झ यांचं उदाहरण मात्र शपथविधीच्या आधीचं. नंतर काय झालं ते पाहा. २४ जानेवारी २०२५ ला हेगसेथ संरक्षणमंत्री झाले ते ५०-५० वर, उपाध्यक्ष व्हॅन्स यांच्या निर्णायक मताने. त्याच रात्री सतरा-एक महानिरीक्षकांना, म्हणजे खात्यांतला गैरव्यवहार शोधणाऱ्यांना, घरी पाठवलं. २०२२ च्या सुधारणेप्रमाणे काँग्रेसला ३० दिवस आधी सविस्तर कारणांसह कळवायला हवं होतं. त्या कायद्याचे जुने पाठीराखे ग्रासली हे रिपब्लिकनच, आणि न्याय समितीचे अध्यक्ष. त्यांनी पत्र पाठवून कारणं विचारली. समितीचा अध्यक्ष नियुक्त्या रोखून धरू शकतो, तेवढं मात्र त्यांनी केलं नाही. गाजावाजा न करता नाही म्हणायची रीत इथे कुठे गेली?

दुर्वा

एक बाळबोध शंका. एवढी बेबंदशाही आहे तर २५ वी घटनादुरुस्ती वापरून बाजूला का करत नाहीत? टीव्हीवर दर आठवड्याला कुणीतरी सांगत असतं.

सनदी

दुर्वाताई, शंका बाळबोध नाही, टीव्हीवरचं उत्तर बाळबोध आहे. चौथ्या कलमाची पायरी अशी: उपाध्यक्ष आणि निम्म्याहून अधिक मंत्री 'अध्यक्ष काम करायला असमर्थ' असं लिहून देतात. अध्यक्षाने 'मी ठीक आहे' असं उलट पत्र दिलं आणि ४ दिवसांत कुणी हरकत घेतली नाही तर तो परत येतो. त्या ४ दिवसांत त्याच मंडळींनी पुन्हा आग्रह धरला तर प्रश्न काँग्रेसकडे जातो. २१ दिवसांत दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात. महाभियोगाला प्रतिनिधिगृहात साधं बहुमत आणि फक्त सिनेटमध्ये दोन तृतीयांश पुरतं. म्हणजे ही वाट महाभियोगाहून अवघड, आणि सुरुवात करणारे मंत्री त्याच अध्यक्षाने नेमलेले. बेशुद्ध पडलेल्या अध्यक्षासाठी ती केली आहे, बेताल अध्यक्षासाठी नाही.

महाभियोगाचा हिशेब तर तयारच आहे. ५ फेब्रुवारी २०२० ला ट्रम्प यांच्यावरच्या सत्तेच्या गैरवापराच्या आरोपावर सिनेटमध्ये ४८-५२, दोषी म्हणणारे रिपब्लिकनांतून एकटे रॉम्नी. १३ फेब्रुवारी २०२१ ला ५७-४३, सात रिपब्लिकन. हवी होती ६७. दुसऱ्या वेळी सिनेटमधले तेव्हाचे रिपब्लिकन नेते मॅककॉनेल यांनी निर्दोषच्या बाजूने मत दिलं आणि लगेच उठून ६ जानेवारी २०२१ च्या संसदभवनातल्या दंगलीला ट्रम्प जबाबदार आहेत असं भाषण केलं. त्यांचं म्हणणं, पदावरून गेलेल्यावर खटला चालवता येत नाही. पण पदावर असताना खटला सुरू करण्यासाठी सिनेटला तातडीने बोलवायला तयार नव्हते तेही मॅककॉनेलच. कृष्णाकाठ म्हणतात त्या 'सुटके'चा हा खरा मूळपुरुष.

पण कृष्णाकाठ, तुमच्या दिवस मोजण्याच्या मुद्द्यालाही एक भोक आहे. समजा दिवस मोजले, ठराव दोन्हीकडे मंजूर झाला. पुढे? १९७६ चा मूळ कायदा असा होता की दोन्ही सभागृहं मिळून अध्यक्षाच्या सहीशिवाय आणीबाणी संपवू शकत. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चढ्ढा खटल्यात असे सहीविना चालणारे सगळे अधिकार घटनाबाह्य ठरवले. (हे जगदीश राय चढ्ढा केनियात जन्मलेले, भारतीय वंशाचे, ओहायोत शिकायला आलेले. व्हिसा संपला म्हणून हद्दपारीचं प्रकरण झालं. एका विद्यार्थ्याच्या व्हिसाने काँग्रेसच्या हातातलं सगळ्यांत सोपं हत्यार गेलं.) मग १९८५ मध्ये कायदा बदलला आणि आता अशा ठरावावरही अध्यक्ष नकाराधिकार वापरू शकतो. तो मोडायला २९० आणि ६७ मतं लागतात.

हे घडूनही गेलंय. २०१९ मध्ये सीमेवरच्या भिंतीच्या आणीबाणीविरुद्ध प्रतिनिधिगृहात २४५-१८२, सिनेटमध्ये ५९-४१, त्यात १२ रिपब्लिकन. १५ मार्चला ट्रम्प यांनी नकाराधिकार वापरला. तो मोडायच्या मतदानात २४८-१८१. संपलं. तेव्हा दोष फक्त आजच्या पक्षाचा नाही. काँग्रेसने सत्तरच्या दशकात अधिकार देऊन टाकले आणि परत घ्यायची सोय न्यायालयात गेली.

एडिसनचा नाना

सनदी यांच्याशी सहमत. आणि 'पक्षाची साथ' हा रोग एकाच पक्षाला आहे का? बायडन यांचं वय सगळ्यांना दिसत होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये डीन फिलिप्स या त्यांच्याच खासदाराने आव्हान दिलं तर त्याला वाळीत टाकलं. फ्लोरिडात पक्षाने यादीत बायडन यांचं एकच नाव पाठवलं, त्यामुळे प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी मतदारांची निवडणूक, झालीच नाही. २७ जून २०२४ च्या वादात सगळं उघडं पडलं आणि २१ जुलैला माघार. महिनाभरापूर्वीपर्यंत 'आतल्या बैठकांत एकदम तरतरीत असतात' असं सांगणारे आज रिपब्लिकनांना नीतिपाठ देतात.

महाभियोगाची तर थट्टाच करून ठेवली आहे. आपल्या बेळगावचे श्री ठाणेदार, मिशिगनचे डेमोक्रॅट खासदार, यांनी एप्रिल २०२५ मध्ये सात कलमांचा ठराव आणला. मे महिन्यात तो विशेषाधिकारात, म्हणजे दोन कामकाजी दिवसांत घ्यावाच लागेल असा रेटला आणि स्वपक्षीयच चिडल्यावर मतदानाआधी मागे घेतला. जूनमध्ये त्यांच्याच पक्षाचे अल ग्रीन यांनी आणला तो ३४४-७९ ने बाजूला सारला गेला. १२८ डेमोक्रॅट त्या ३४४ मध्ये आहेत. ते पण सामील का?

कृष्णाकाठ

नाना, बायडन यांच्या पक्षाने लपवाछपवी केली, हे सोळा आणे खरं. पण शेवटी त्याच पक्षाने २४ दिवसांत उमेदवार बदलला. इथे २० जानेवारी २०२५ ला पहिल्याच दिवशी ६ जानेवारीच्या सुमारे १५०० जणांना माफी मिळाली. पोलिसांना मारणारेही त्यात. ज्यांच्या मागे ते लोक धावत होते, ते सभागृहातले लोक दुसऱ्या दिवशी 'आपण पुढे पाहतो' म्हणाले. दोन्ही एका मापात बसत नाहीत.

सनदी, नकाराधिकाराचं गणित बरोबर. तरीही मतदानाला किंमत आहे. नोंद होते, निर्यातदार आणि शेतकरी संघटनांना नाव धरून जाब विचारता येतो. २०२५ मध्ये शुल्काविरुद्ध लढलं कोण? काही छोटे आयातदार आणि काही राज्यं. व्यापार न्यायालयाने २८ मे ला आणि अपील न्यायालयाने २९ ऑगस्टला ७-४ ने त्यांच्या बाजूने निकाल दिला. घटनेने कर बसवायचा अधिकार ज्या काँग्रेसला दिला, ती तेव्हा या भांडणात प्रेक्षक होती.

गोमंतक

इकडच्या माणसाला यात सगळ्यांत विचित्र काय वाटतं सांगू? अमेरिकेत पक्षांतरबंदी कायदाच नाही. व्हिप मोडला म्हणून कुणाची खासदारकी जात नाही. आपल्याकडे १९८५ पासून दहावी अनुसूची आहे, २००३ मध्ये एक तृतीयांश फुटीची पळवाटही बंद केली, तरी २०२२-२३ मध्ये महाराष्ट्रात दोन पक्ष उभे फुटले. गोव्याचं तर बोलायलाच नको. जिथे बंदी नाही तिथे कुणी हलत नाही आणि जिथे बंदी आहे तिथे कुणी जागेवर राहत नाही.

कारण प्रायमरी. आपल्याकडे तिकीट पक्षश्रेष्ठी देतात, तिथे पक्षाचे कट्टर मतदार देतात. दुसऱ्या महाभियोगाला पाठिंबा देणारे दहा रिपब्लिकन खासदार पाहा: चौघांनी पुन्हा लढायचंच टाळलं, चौघे प्रायमरीत पडले, २०२३ च्या सभागृहात उरले दोन, व्हालाडेओ आणि न्यूहाउस. दोघे कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टनचे, जिथे सगळ्या पक्षांची प्रायमरी एकत्र होते आणि पहिले दोन पुढे जातात. त्या दहांतल्या लिझ चेनी वायोमिंगमध्ये सुमारे ३७ टक्क्यांच्या फरकाने हरल्या. सिनेटमध्ये दोषी म्हणणाऱ्या सातांपैकी मर्कोस्की टिकल्या, कारण अलास्कात चार उमेदवार पुढे जातात आणि पसंतीक्रमाने मतं मोजतात. त्यामुळे भित्रेपणा वगैरे शब्द मी वापरणार नाही. दार कुठल्या प्रकारचं आहे ते पाहावं.

मुळशीकर

मग हेही पाहा. लैंगिक गुन्हेगार जेफ्री एपस्टीनच्या फाइली उघड करायचं विधेयक सभापती जॉन्सन आणत नव्हते. रिपब्लिकन मॅसी आणि डेमोक्रॅट खन्ना यांनी समितीला वळसा घालणारी याचिका काढली. तिला २१८ सह्या लागतात. रिपब्लिकनांतून चौघांनी केल्या: मॅसी, मार्जोरी टेलर ग्रीन, बोबर्ट, मेस. सह्या मागे घ्याव्यात म्हणून दबाव आला, बोबर्ट यांना थेट व्हाइट हाउसच्या सिच्युएशन रूममध्ये बोलावलं गेलं. कुणी हटलं नाही. १२ नोव्हेंबर २०२५ ला २१८ वी सही झाली, १८ ला ४२७-१, दुसऱ्या दिवशी ट्रम्प यांचीच सही. आणि ११ डिसेंबरला इंडियानाच्या सिनेटने ट्रम्प यांना हवा असलेला नवा मतदारसंघ-नकाशा ३१-१९ ने फेटाळला. ३१ पैकी २१ रिपब्लिकन. धमक्या येऊनही. असा पक्ष गुलाम म्हणायचा?

सनदी

इंडियानात ५० सिनेटर आणि चार वर्षांची मुदत, दर दोन वर्षांनी निम्म्यांची निवडणूक. म्हणजे बऱ्याच जणांना २०२८ पर्यंत मतदाराकडे जायचं नाही. गोमंतक यांचं दार इथेही लागू.

वॉटरगेटपायी पायउतार झालेले रिपब्लिकन अध्यक्ष निक्सन यांचं नाव अजून कसं आलं नाही याचं आश्चर्य वाटतं. २७ जुलै १९७४ ला न्याय समितीत पहिलं कलम २७-११ ने गेलं. १७ रिपब्लिकनांपैकी सहाच बाजूने. ५ ऑगस्टला टेप बाहेर आल्यावर उरलेल्यांची भाषा बदलली, ७ तारखेला गोल्डवॉटर, स्कॉट आणि ऱ्होड्स हे काँग्रेसमधले रिपब्लिकन नेते व्हाइट हाउसवर गेले. मतं नाहीत एवढंच सांगायला. त्यांना आज आपण सदसद्विवेकाचे पुतळे करतो, पण ते आकडे घेऊन गेले होते.

कृष्णाकाठ

मुळशीकर, चार सह्या कबूल. त्यातल्या ग्रीन यांना ट्रम्प यांनी 'गद्दार' म्हटलं आणि २१ नोव्हेंबरला त्यांनी ५ जानेवारी २०२६ पासून खासदारकी सोडत असल्याचं जाहीर केलं. मॅसी यांच्याविरुद्ध केंटकीत ट्रम्प यांनी स्वतःचा उमेदवार उभा केला. टिलिस यांनी जून २०२५ मध्ये मोठ्या कर विधेयकाला विरोध केला आणि दुसऱ्याच दिवशी पुन्हा लढणार नाही असं जाहीर केलं. गुलाम नाही म्हणू, पण मोकळाही दिसत नाही.

म्हणून मी भाषणांऐवजी अर्ज भरायच्या तारखा पाहत होतो. मुदत संपली की प्रायमरीत नवा प्रतिस्पर्धी उतरवता येत नाही. टेक्सासची ८ डिसेंबर २०२५ ला संपली. केंटकीची ९ जानेवारी २०२६ ला होती, इंडियानाची फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात. मधेच ३१ जानेवारीला दिवस न मोजण्याची मुदत संपणार होती आणि सभापतींना ती वाढवायला पुन्हा मतदान घ्यावं लागणार होतं. बहुमत इतकं काठावर होतं की दोन-तीन जण फुटले तरी पुरे.

एडिसनचा नाना

फुटणार नाहीत, असंच मला तेव्हा वाटत होतं. फुटलेच तर सनदी यांचा नकाराधिकार आहेच.

गोमंतक

नाना, २०१९ मध्येही सगळे हेच म्हणत होते आणि सिनेटमध्ये १२ फुटले. ठराव पडला तो नकाराधिकारावर, सभागृहात नाही.