खोल समुद्रातील ड्रिलशिपची 'पिढी' नेमकी कशावरून ठरते?

बोअरवाला_मोहोळ
नमस्कार. मी सोलापुरात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. मोहोळला आमच्या घरच्या बोअरच्या दोन गाड्या असल्यामुळे हॅमर, रॉड, केसिंग हे शब्द लहानपणापासून कानांवर आहेत. सध्या समुद्रातील ड्रिलिंगविषयी वाचत असताना 'सहाव्या पिढीची', 'सातव्या पिढीची', 'आठव्या पिढीची' ड्रिलशिप (समुद्रात तेलविहीर खणणारे जहाज) असे उल्लेख वारंवार येतात. पिढी वाढली की जहाज अधिक खोल पाण्यात काम करू शकते, अशी माझी समजूत होती. परंतु या तिन्ही पिढ्यांच्या जहाजांपुढे पाण्याची कमाल खोली बहुधा एकच, १२,००० फूट, म्हणजे सुमारे ३,६५८ मीटर, दिलेली दिसते. मग फरक कशात आहे? आणि ही वर्गवारी कोण ठरवते?

निवृत्त_टूलपुशर
दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते लहान आहे. ही वर्गवारी कोणतीही अधिकृत संस्था ठरवत नाही. जहाजांचे मालक, दलाल आणि भाड्याने घेणाऱ्या तेल कंपन्या यांच्या बोलण्यातून ती रूढ झाली, त्यामुळे सीमारेषेवरची जहाजे कोणी सहाव्या पिढीत धरतो, तर कोणी सातव्या. तिसरी-चौथी पिढी हे शब्द तर जहाजांपेक्षा सेमी-सबमर्सिबल, म्हणजे अर्धवट बुडालेल्या तरंगत्या, रिगांच्या संदर्भातच जास्त ऐकू येतात.

खोलीवरून पिढी ठरत नाही, याचा सर्वांत जुना पुरावा १९६१ सालचा आहे. मेक्सिकोच्या ग्वादालुपे बेटाजवळ 'कस वन' या जहाजाने, म्हणजे खरे तर नौदलाच्या जुन्या बार्जवर डेरिक, म्हणजे रॉड उचलणारा उंच मनोरा, उभारून तयार केलेल्या तराफ्याने, ३,५५८ मीटर पाण्यात छिद्र पाडले. समुद्रतळाखाली ते गेले फक्त १८३ मीटर, आणि त्यातले शेवटचे १३ मीटर बेसाल्टमध्ये. तुमच्या गाड्या मोहोळला ज्या काळ्या पाषाणात घुसतात, त्याच जातीचा हा खडक, आणि खोलीही आपल्याकडच्या सहाशे फुटी बोअरएवढीच! मात्र त्या छिद्रावर ना रायझर होता, ना बीओपी, म्हणजे दाब उसळला तर विहिरीचे तोंड बंद करणारी झडपांची जोडणी. खाली दाबाखालचे तेल किंवा वायू लागला असता, तर तो आवरण्याचे साधनच नव्हते.

खरा प्रश्न सुरू होतो तो रायझर लावल्यावर. रायझर म्हणजे समुद्रतळावरच्या बीओपीपासून जहाजापर्यंत येणारी, सुमारे २१ इंच व्यासाची पोलादी नळी. तिच्यातून ड्रिलिंगचा मड, म्हणजे खणताना विहिरीत फिरवला जाणारा जड चिखल, वर परततो. तीन हजार मीटर पाण्यात ही नळी भरायला साधारण पावणेसहा लाख लिटर मड लागतो. उन्हाळ्यात आपल्या गावोगावी फिरणारे दहा हजार लिटरचे टँकर डोळ्यांसमोर आणले, तर ते सत्तावन्न-अठ्ठावन्न टँकर होतात, आणि हा हिशेब विहिरीतला मड सोडून केलेला आहे. एवढा मड साठवायचा, रायझर ताणून धरायचा आणि काही किलोमीटर लांबीचे केसिंग उचलून खाली सोडायचे, म्हणजे जहाज मोठे होणारच.

पाचव्या पिढीने, म्हणजे १९९० च्या दशकाच्या अखेरच्या जहाजांनी, या वजनाबरोबर वेळेचाही प्रश्न हाताळला. १९९९ च्या 'डिस्कव्हरर एंटरप्राइज'वर एकाच डेरिकखाली दोन कामे समांतर चालण्याची सोय प्रथम झाली: एका बाजूला विहीर खणली जात असताना दुसऱ्या बाजूला पुढचे केसिंग जोडून तयार ठेवता येते. रॉड बदलताना गाडीचा कॉम्प्रेसर नुसता चालू राहिला की डिझेलचा हिशेब करणाऱ्या तुमच्या वडिलांना हे महत्त्व वेगळे सांगायला नको. समुद्रात तर जहाजाचे भाडे दिवसाला काही लाख डॉलर असते.

पुढच्या पिढ्यांत पाण्याची खोली जवळपास तिथेच थांबली आणि उचलण्याची क्षमता, म्हणजे हुक लोड, वाढत गेला. ढोबळमानाने सहाव्या पिढीत तो २० लाख पौंड, सातव्या पिढीत २५ लाख आणि आठव्या पिढीत ३० लाख पौंड, म्हणजे सुमारे १,३६० टन आहे.

जुळे_सोलापूर_इन्स्ट्रुमेंट
वरील उत्तरात एक भर घालावीशी वाटते. 'कस वन' जागेवर धरताना भोवती बोये सोडून, रडार आणि सोनारवर पाहत, चार थ्रस्टर (जहाज ढकलणारे पंखे) माणसाने हाताने चालवले होते. त्याच वर्षी 'युरेका' या जहाजावर हे काम स्वयंचलित झाले, आणि १९७१ च्या 'सेडको ४४५'वर अशी स्वयंचलित स्थाननियंत्रण व्यवस्था, रायझर आणि बीओपी हे तिन्ही तेलाच्या शोधासाठी एकत्र आले. आजच्या ड्रिलशिपवर सहसा सहा थ्रस्टर असतात आणि ही स्थाननियंत्रण व्यवस्था (डायनॅमिक पोझिशनिंग, म्हणजे डीपी) डीपी-३ दर्जाची असते. एखादा कप्पा आगीत गेला किंवा त्यात पाणी भरले, तरी जहाज जागेवरून हलू नये, असा त्या दर्जाचा अर्थ आहे. माझ्या मते पिढ्यांमधला हा फरक हुक लोडइतकाच मोठा आहे, पण जाहिरातीत टनांचे आकडे जास्त शोभतात.

बोअरवाला_मोहोळ
काका, आपले आणि इन्स्ट्रुमेंट सरांचे आभार. मग सातवी आणि आठवी पिढी यांत केवळ वजनाचाच फरक आहे का? आणि जुन्या जहाजात बदल करून ते पुढच्या पिढीत नेता येत नाही का?

निवृत्त_टूलपुशर
वजनाबरोबर बीओपी पाहावी लागते. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात 'डीपवॉटर होरायझन'चा स्फोट होऊन ११ जण मृत्युमुखी पडले. ती पाचव्या पिढीची सेमी-सबमर्सिबल होती, आणि तिची बीओपी विहीर बंद करू शकली नाही. त्यानंतर ड्रिल पाइप कापून विहीर बंद करणाऱ्या शिअर रॅमविषयीचे नियम कडक झाले. सातव्या पिढीच्या अनेक जहाजांवर दोन पूर्ण बीओपी असतात. एक समुद्रतळावर काम करते, तेव्हा दुसरीची डेकवर तपासणी आणि दुरुस्ती चालते.

आठव्या पिढीत दाबाची मर्यादा बदलली. तोपर्यंतच्या बीओपी १५,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाबापर्यंतच्या असत. सिंगापूरमध्ये बांधलेल्या 'डीपवॉटर टायटन'वर २०,००० पीएसआयच्या बीओपी आल्या. तिला काम मिळाले ते मेक्सिकोच्या आखातातील 'अँकर' या तेलक्षेत्रात, जिथून ऑगस्ट २०२४ मध्ये उत्पादन सुरू झाले. तिथे पाणी सुमारे १,५०० मीटर आहे, म्हणजे जहाजाच्या क्षमतेच्या निम्म्यापेक्षा कमी. त्याउलट, सर्वांत खोल पाण्यातल्या तेलविहिरीचा २०२१ चा विक्रम, अंगोलाजवळ ३,६२८ मीटर, २०,००० पीएसआयच्या बीओपीशिवाय 'मर्स्क व्हॉयेजर'ने केला. आपल्या पूर्व किनाऱ्याजवळ २०१३ मध्ये 'धीरुभाई डीपवॉटर केजी-१'ने ३,१७४ मीटर पाण्यात खणून तेव्हाचा विक्रम केला होता, तेव्हा आठवी पिढी हा शब्दही नव्हता.

जुन्या जहाजाचे म्हणाल, तर बीओपी बदलता येते आणि नियंत्रण व्यवस्थाही बदलता येते. पण डेरिक, त्याखालची चौकट आणि मड साठवण्याची जागा ही सांगाड्याबरोबरच ठरलेली असतात. लहान चॅसीवर मोठा मास्ट बसवायला गॅरेजवाला नकार देतो, तसेच हे आहे. त्यामुळे २०१४ नंतर तेलाचे भाव कोसळले, तेव्हा पाचव्या पिढीतली कित्येक जहाजे सुधारण्याऐवजी भंगारात काढली गेली.