छोट्या लॉनला हातानं ढकलायचं मशीनच घ्या

घरच्या लॉनचं गवत कापायला कुठलं मशीन घ्यावं, यावर काही जण पेट्रोलचंच घ्या म्हणतात, ते मोठ्या प्लॉटला ठीक आहे, पण वीस बाय पंधराच्या अंगणात ते वळवायला तरी जागा पुरणार का, वर ऑइल आणि प्लग बघत बसा. आपल्या सोलापुरात बहुतेकांकडं हरळीच असते, तिला हातानं ढकलायचं रीळवालं मशीन एकदम बेस्ट, कारण त्यातलं पात्यांचं रीळ खालच्या स्थिर पट्टीला घासून फिरतं आणि गवत कात्रीसारखं कापतं. आडव्या गरगर फिरणाऱ्या पात्याचं मशीन फटका मारून तोडतं, पातं बोथट असलं की शेंडे फाटतात आणि उन्हात लगेच पिवळे पडतात.

कुणी सांगितलं नाही म्हणून सांगतो, दुकानातच रीळ आणि खालच्या पट्टीमध्ये कागद धरून रीळ हळू फिरवून बघा, बोटं जपून. कागद या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वच्छ कापला पाहिजे, दुमडला तर तिथंच स्क्रू ॲडजस्ट करून मागा. मुरमाचे खडे आधी वेचायचे, नाहीतर पात्याला खाच पडते. गवत फार वाढलं की हे मशीन नुसतं दाबत पुढं जातं, त्यामुळं पावसाळ्यात आठवड्याला फिरवायलाच लागतंय. मार्चनंतर मात्र कापायची उंची वाढवा, पाणी रोज येत नाही आणि ऊन ४० च्या वर, बारीक कापलेली हरळी करपते.